फुगेराय

१४. फुगेराय : दक्षिण जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरातली गरजूंची वसाहत. सावकारी आणि तांबे-चांदीच्या व्यापारातून अफाट श्रीमंत झालेल्या याकोब फुगर (१४५९–१५२५) याने ती वसवली; दानपत्र १५२१ सालचे. आजही नांदती असलेली ही जगातली सर्वांत जुनी सामाजिक गृहवसाहत मानतात. भाडे तेव्हा वर्षाला एक ऱ्हाइन गुल्डन होते. तेच आज ८८ सेंट, म्हणजे एक युरोसुद्धा नाही. राहणारा आउग्सबुर्गचा, कॅथलिक आणि गरजू असावा, त्याने दात्याच्या कुटुंबासाठी रोज तीन प्रार्थना म्हणाव्यात, ही अट कायम आहे. खालच्या आणि वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांना रस्त्यावर उघडणारी वेगवेगळी दारे आहेत. गरिबाच्या आब्रूचा एवढा विचार त्या काळी झाला, ही फार मोठी गोष्ट. दारावरच्या घंटेच्या लोखंडी मुठींचे आकारही निरनिराळे. दिवे नव्हते तेव्हा माणूस हाताने चाचपून आपले दार ओळखत असे. मजकुरातले ‘पहारेकऱ्याला दिलेले नाणे’ म्हणजे उशिराचा आकार : रात्री दहाला वेस बंद होते, त्यानंतर ५० सेंट, मध्यरात्रीनंतर एक युरो. ‘मोत्सार्टचे घर’ संगीतकाराचे नव्हे. त्याचे पणजोबा, गवंडी फ्रान्त्स मोत्सार्ट, तेथे १६८१ ते १६९४ राहत होते. फेब्रुवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात वसाहतीचा मोठा भाग पडला. युद्धानंतर ती पुन्हा बांधली. तिकीट काढून ती पाहता येते, मात्र तेथे माणसे राहतात, हे पाहुण्याने ध्यानात ठेवावे.