चार घरे आणि कोपऱ्यावरचे एक दुकान

'टेरेस' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गच्ची उभी राहते. वाळत घातलेले पापड, पतंग आणि उन्हाळ्यातल्या रात्री टाकलेली अंथरुणे! पण इंग्रज माणूस रस्त्यावरच्या टेरेसबद्दल बोलतो, तेव्हा त्याच्या मनात असते ती भिंतीला भिंत लावून उभी केलेली घरांची ओळ. आपल्या चाळीची ही लांबची बहीणच म्हणा ना! फरक एवढाच, की चाळीत जिना आणि गॅलरी सगळ्यांची मिळून. टेरेसमध्ये दार, जिना, परसू ज्याचे त्याचे.

व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर आली आणि १९०१ साली वारली. या काळात इंग्रज जिथे जिथे वसले, तिथे तिथे अशा ओळी उभ्या राहिल्या. त्यांपैकी एका अगदी साध्या ओळीची हकीकत आज सांगतो. ऑस्ट्रेलियात सिडनी बंदरालगत 'द रॉक्स' नावाची खडकाळ, चढउताराची वस्ती आहे. तिथल्या ग्लॉस्टर रस्त्यावर एडवर्ड आणि मेरी रायली या आयर्लंडहून आलेल्या जोडप्याने १८४४ साली विटांची चार घरे बांधली. ओळीचे नाव सुझाना प्लेस.

बांधणी पाहा कशी काटकसरीची. दोन घरांमध्ये भिंत एकच, म्हणजे विटा वाचल्या, जागाही वाचली. पण एका घराला आग लागली तर सारी ओळ जायची. म्हणून सिडनीत १८३७ सालीच इमारतींविषयी कायदा होऊन सामाईक भिंतींना नियम लागले होते. जमीन उताराची, तेव्हा स्वयंपाकघर तळमजल्याखाली गेले. बैठकीची खोली रस्त्याच्या पातळीवर, निजायच्या खोल्या माडीवर. मागे लहानसे अंगण, त्यात शौचकूप आणि कपडे धुण्याची जागा. न्हाणीघर? ते मुळात नव्हतेच!

कोपऱ्यावरच्या घरात वाणसामानाचे दुकान होते. दुकान खाली, संसार वर आणि मागे. ते १९३० नंतरच्या दशकापर्यंत चालले. असे दुकान ओळीच्या मध्यभागी नसते, कोपऱ्यावरच असते, यात हिशेब आहे. दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक मिळते आणि उजेडही दोन बाजूंनी येतो. शिवाय बंदरावर राबणाऱ्या माणसांच्या वस्तीत काम रोज मिळेलच असे नसे. अशा ठिकाणी दुकानदार नुसता दुकानदार राहत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. उधारीच्या वहीची किंमत गिरगावच्या वाण्याला जशी ठाऊक, तशीच तिथल्यालाही असणार.

आता या ओळीवर संकट कसे आले ते ऐका. १८९४ साली हाँगकाँगला पोचलेला प्लेग १८९६ मध्ये मुंबईत उतरला. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. त्यातूनच १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढण्याचे काम सुरू झाले. तोच प्लेग १९०० च्या जानेवारीत सिडनीत पोचला. त्या वर्षी ३०३ जणांना लागण झाली, १०३ माणसे दगावली. सरकारने सारी रॉक्स वस्ती ताब्यात घेतली, घरांना चुना फासला, उंदीर मारले आणि कित्येक ओळी जमीनदोस्त केल्या. पुढे १९३२ साली खुल्या झालेल्या मोठ्या पुलापायी आणखी घरे गेली. १९७० नंतर उंच इमारतींची योजना आली, तेव्हा रहिवासी अडून बसले आणि बांधकाम मजुरांच्या संघटनेने पाडकामाला हात लावायचेच नाकारले. वस्तीचा बराच भाग त्यामुळे वाचला.

या सगळ्यांतून सुझाना प्लेस टिकली. तिथे १९९० सालापर्यंत माणसे राहत होती. एकूण शंभरांहून अधिक कुटुंबे तिथे नांदली. १९९३ पासून ते संग्रहालय आहे. आणि मौज अशी, की घरे नवीकोरी करून मांडलेली नाहीत. एकावर एक चढलेले रंगाचे थर, भिंतीवरचे कागद, मागून जोडलेल्या सोयी, सारे राखले आहे. राजवाड्यावरून राजा कळतो. भाडेकरू कसा जगला हे कळायला भाड्याचे घरच पाहावे लागते.

आपल्याकडे खाली दुकान आणि वर बिऱ्हाडे अशा चाळी एकामागून एक पडत आहेत. मोडकळीला आलेल्या घरात कोणी जन्मभर राहावे, असे मी म्हणणार नाही. पण पाडण्याआधी तिचा नकाशा काढावा, राहून गेलेल्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात आणि निदान एखादी ओळ, तिच्या कोपऱ्यावरच्या दुकानासकट, पुढच्यांसाठी ठेवावी. एवढे तर आपल्याला करता येईल, नाही का?