गेल गांवचे पाहुणे आणि कामाचे सहा दिवस

धर्मग्रामाच्या इतिहासांत सणांची नोंद राहते, वारांची राहत नाहीं. देवळाची पायाभरणी कधीं झाली, घंटा कोणीं अर्पण केली, बिशपस्वामी कोणत्या सालीं येऊन गेले, हें सर्व जुन्या वह्यांत सांपडतें. परंतु एखाद्या मंगळवारीं गांवांतील एखादा दुबळा मनुष्य दिवसभर काय करीत होता व कोणाजवळ बसला होता, हें कोणी लिहून ठेवीत नाहीं. वस्तुतः समाजाच्या दयेची परीक्षा अशा साध्या वारींच होते. म्हणून प्रस्तुत लेखांत अशाच साध्या दिवसांचा इतिहास आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत मांडूं इच्छितों. ज्यांच्या बुद्धीची वाढ जन्मतःच मंद राहिली, अथवा ज्यांच्या मनास व्याधीनें ग्रासलें, अशा प्रौढ स्त्री-पुरुषांचा आठवडा पूर्वीं कसा जात असे व आज कसा जातो, हा आमचा विषय होय.

ह्या इतिहासाचा आरंभ बेल्जम देशांतील गेल ह्या गांवापासून करणें योग्य होईल. अँटवर्प प्रांतांत, केम्पेन नांवाच्या रेताड मुलुखांत हा गांव वसला आहे. आख्यायिका अशी कीं, सातव्या शतकांत आयर्लंडांतील एका राजाची राणी वारली. शोकानें राजाचें चित्त भ्रमिष्ट झालें, आणि राणीसारखी दिसणारी आपली कन्या डिम्फना हिच्याशींच विवाह करण्याचा दुष्ट विचार त्याच्या मनांत आला. डिम्फना आपले धर्मगुरु गेरेबर्नस ह्यांच्यासह समुद्र ओलांडून गेलला पळून आली. पित्यानें तिचा माग काढला व तेथें तिचा शिरच्छेद केला. हें चरित्र लिहिलें गेलें तें तेराव्या शतकांत, म्हणजे घटनेनंतर सुमारें सहाशें वर्षांनीं. तेव्हां त्यांत इतिहास किती व लोककथा किती, हें ठरविणें कठीण आहे. परंतु त्या कथेनें लोकांच्या मनावर जें कार्य केलें, तो मात्र निर्विवाद इतिहास होय. पित्याच्या वेडापुढें जी नमली नाहीं, तीच वेड लागलेल्यांची कैवारी संत ठरली.

इ. स. १३४९ मध्यें तिच्या नांवाच्या देवळाच्या बांधकामास आरंभ झाला. दूरदूरचे लोक आपल्या भ्रमिष्ट आप्तांस घेऊन तेथें येऊं लागले. पुढें देवळास लागूनच रुग्णांसाठीं एक घर झालें. तेथें राहून नऊ दिवसांची नोव्हेना करावयाची, व संत डिम्फनेच्या अवशेषांच्या पेटीखालून रांगत जावयाचें, असा परिपाठ होता. नऊ दिवस संपल्यावर कोणी समाधान पावून परते. पुष्कळ जण मात्र जसे आले तसेच राहत. शिवाय गर्दी इतकी वाढली कीं, रुग्णगृहांत जागा पुरेना. तेव्हां देवळाच्या धर्मगुरूंच्या देखरेखीखालीं गांवकरी ह्या लोकांस आपापल्या घरीं ठेवून घेऊं लागले. कोणी आठवडाभर राहिला, कोणी वर्षभर, कोणी जन्मभर. चमत्काराची वाट पाहण्याच्या मुदतींतून अशा रीतीनें एक चाल निर्माण झाली, व ती सहा शतकांहून अधिक काळ टिकली.

ह्या आगंतुकांस गेलच्या लोकांनीं जें नांव दिलें, तें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्यांच्या भाषेंतील त्या शब्दाचा अर्थ ‘घरीं राहून जेवणारा पाहुणा’ असा होतो. त्यांत रोगाचा उल्लेखही नाहीं. हा पाहुणा सकाळीं उठून गुरांस चारा घाली, लांकडें फोडी, बटाटे काढण्यास शेतांत जाई, घरांतील तान्ह्या मुलावर लक्ष ठेवी, आणि संध्याकाळीं सर्वांबरोबर एकाच मेजावर जेवी. त्याच्या हातून काम थोडें होई, कधीं वाकडेंही होई. परंतु तें काम घरास हवें असे. पाहुण्याच्या पोषणासाठीं कुटुंबास पैसे मिळत, हेंही येथें सांगितलें पाहिजे. जमीन गरीब, हातांची सदैव गरज, आणि चार नाणीं घरांत येण्याचा हा एक मार्ग. तेव्हां गेलची दया व्यवहारास सोडून नव्हती. आमच्या मतें ती इतकीं शतकें टिकली ह्याचें हेंही एक कारण आहे. नुसत्या कळवळ्यास ओहोटी लागते. परंतु ज्याच्या हातांची घरास गरज आहे, तो घरचा होऊन राहतो. आईनें सांभाळलेला पाहुणा पुढें मुलीच्या घरीं राहिला, अशीं उदाहरणें तेथें कित्येक घडलीं.

सर्वच चित्र गोड होतें, असें मात्र नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जे प्रवासी तेथें गेले, त्यांनीं कांहीं पाहुण्यांच्या पायांत बेड्याही पाहिल्या. फ्रेंच राजवटींत देऊळ बंद पडलें, तरी पाहुणे गांवांतच राहिले. उलट त्या शतकाच्या आरंभीं ब्रुसेल्स शहरानें आपल्या कोंदट रुग्णालयांतील लोक गेलकडे पाठविले. इ. स. १८२१ मध्यें फ्रान्सचे विख्यात मनोवैद्य एस्किरोल हे गांव पाहून गेले. इ. स. १८५० चा कायदा झाल्यावर १८५२ पासून ही व्यवस्था बेल्जम सरकारच्या हातीं आली, वैद्यांची देखरेख सुरू झाली, आणि १८६२ मध्यें एक लहान रुग्णालयही उभें राहिलें. इ. स. १९३८ मध्यें पाहुण्यांची संख्या ३,७०० हून अधिक होती. त्यानंतर ओहोटी लागली. नवीं औषधें निघालीं, शेतांत यंत्रें आलीं, घरच्या स्त्रिया नोकरीस जाऊं लागल्या. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं ही संख्या पांचशेंच्या घरांत आली व पुढें आणखी घटली. तथापि इ. स. २०२३ मध्यें युनेस्कोनें गेलच्या ह्या परंपरेची नोंद वारसा जतनाचा उत्तम नमुना म्हणून केली.

गेलमध्यें जें घरानें केलें, तें अन्यत्र भिंतींनीं केलें. युरोपांत व पुढें हिंदुस्थानांतही मोठमोठीं वेड्यांचीं रुग्णालयें उभीं राहिलीं, आणि मनाचा आजारी व जन्मतः मंदबुद्धि असा भेद न करतां दोघांसही त्यांत कोंडण्यांत आलें. विलायतेंत १९१३ च्या कायद्याचा ओढा मंदबुद्धि माणसांस समाजापासून वेगळें ठेवण्याकडे होता. १९२७ मध्यें त्यांत दुरुस्ती होऊन, त्यांस शिक्षण व उद्योग देण्याचें कर्तव्य स्थानिक सत्तांवर पडलें. घरीं निजावयाचें, दिवसा उद्योगाच्या ठिकाणीं जावयाचें, ही रीत तेव्हांपासून हळूहळू रूढ होत गेली.

आमच्या मुंबईचा ह्या कार्याशीं संबंध जुना आहे. मूकबधिर मुलांसाठीं येथें शाळा निघाली ती इ. स. १८८५ मध्यें, महागुरुस्वामी लिओ म्यूरिन ह्यांच्या पुढाकारानें. मंदबुद्धि मुलांसाठीं १९४४ मध्यें वकील ह्या पारशी दांपत्यानें आपल्या कन्येच्या निमित्तानें घरींच वर्ग सुरू केला. तीच आज शिवडी येथें असलेली जय वकील संस्था. अशा शाळांतील मुलें मोठीं झालीं, तेव्हां एक नवाच प्रश्न उभा राहिला. २०१६ च्या कायद्यानें दिव्यांग मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क आहे, तो सहा ते अठरा वर्षांपर्यंत. एकोणिसाव्या वर्षीं काय? पाठीवर दप्तर घेऊन रोज बाहेर पडणारा मुलगा एके दिवशीं घरीं बसतो, तो पुढें चाळीस वर्षें खिडकींतून रस्ता पाहत राहतो. ह्या चाळीस वर्षांसाठीं जें ठिकाण असतें, त्यास कोठें ‘डे केअर सेंटर’ म्हणतात, कोठें ‘कार्यशाळा’.

अशा कार्यशाळेंतील आठवडा कसा असतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें, म्हणून थोडा विस्तार करतों. प्रत्येक ठिकाणचा क्रम निराळा. तरी साधारण रीत अशी. सोमवारीं सकाळीं हजेरी होते आणि आजचा वार कोणता, हें फळ्यावर लावतात. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांच्यासाठीं प्रत्येक वारास एक रंग किंवा चित्र ठरलेलें असतें. दिवसांची ही ओळख किरकोळ वाटेल. परंतु ज्याचे सर्व दिवस सारखेच जात होते, त्यास ‘आज बागेचा वार’ असें सांगतां येणें म्हणजे काळावर हात ठेवण्यासारखें आहे. मग कामें सुरू होतात: मेणबत्त्या, कागदी पिशव्या, पाकिटें, दिवाळीच्या पणत्या रंगविणें, कापडावर ठसे उमटविणें. एखाद्या दिवशीं बागकाम, एखाद्या दिवशीं स्वयंपाक. आठवड्यांतून एकदां बाजार: दहा रुपयांची नोट देऊन लिंबें घ्यावयाचीं आणि उरलेले पैसे विसरतां परत मागावयाचे. शुक्रवारीं पेटी-ढोलकी निघते. आठवड्याच्या शेवटीं साफसफाई, आणि महिन्याच्या शेवटीं कामाच्या मानानें थोडें विद्यावेतन.

कामाची पद्धत विशेष पाहण्यासारखी असते. एकच काम अनेक पायऱ्यांत वांटतात. मेणबत्तीचें उदाहरण घ्या. वात कापणें ही एक पायरी, ती सांच्यांत ताणून बसविणें दुसरी, मेण ओतणें तिसरी, थंड झाल्यावर काढणें चौथी, घासून नीट करणें पांचवी, बांधणी सहावी. गरम मेण ज्याच्या हातीं देतां येत नाहीं, तो वात कापतो. ज्याचे हात थरथरतात, तो बांधलेले पुडे टोपलींत ठेवतो. ज्यास मोजतां येत नाहीं त्यास दहा खांचांची एक लांकडी फळी देतात. प्रत्येक खांचेंत एक मेणबत्ती ठेवावयाची, फळी भरली कीं दहा झाल्या. मोजणें आलें नाहीं म्हणून काम अडलें नाहीं. माणूस बदलत नसेल तर कामाची रचना बदलावी, हें ह्या कार्यशाळांचें तत्त्व. आणि सूक्ष्म दृष्टीनें पाहतां गेलच्या शेतकऱ्याची बायको शतकांपूर्वीं हेंच करीत होती. जो नांगर धरूं शकत नसे, त्याच्या हातीं ती पाळण्याची दोरी देई.

ह्या ठिकाणीं आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य वाटतें. आपल्या समाजांत अशा मनुष्यास आयुष्यभर ‘बाळ’, ‘बाबू’, ‘बेबी’ म्हणतात. केस पिकले तरी त्यास अरे-तुरे सुटत नाहीं. त्यांत प्रेम नसतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या प्रेमांत एक निकालही दिलेला असतो, कीं हा कधीं मोठा होणार नाहीं. चांगल्या कार्यशाळेंत पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थास आडनांवानें, ‘अहो’ म्हणून हांक मारतात. पहिल्यांदां तो मागें वळून पाहतो, कीं कोणा दुसऱ्यास बोलावलें काय; कांहीं दिवसांनीं मान ताठ करून ओ देतो. गेलचा पाहुणा आणि आपला ‘बाळ’, ह्या दोन शब्दांतील अंतर हेंच दोन समाजांतील अंतर होय.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. २०११ च्या खानेसुमारींत महाराष्ट्रांत सुमारें २९ लक्ष ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. त्यांत सर्व प्रकारचे आले. पण ज्यांस रोजच्या सोबतीची गरज आहे, अशांच्या आईबापांच्या मनांत रात्रीं एकच चिंता असते: आमच्या मागें ह्याचें कसें होईल? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी व बहुविध अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठीं कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली आहे, आणि प्रत्येक कुटुंबानें तिची माहिती वेळीं करून घ्यावी. परंतु पालकनामा हा कागद आहे. त्या कागदापलीकडे, सोमवारीं सकाळीं ‘हे आज कां आले नाहींत?’ असें विचारणारी कांहीं माणसें लागतात. आईबाप गेल्यावर जो मनुष्य कार्यशाळेंत ओळखीचा आहे, बाजारांतील लिंबूवाल्यास ठाऊक आहे, रविवारीं ज्याचा बांक ठरलेला आहे, तो एकाएकीं निराधार होत नाहीं. जो चाळीस वर्षें खिडकींतच राहिला, त्यास आईच्या अंत्यविधीच्या दिवशीं शेजारीही नांवानें ओळखीत नाहींत.

प्रतिवर्षीं ३ डिसेंबर रोजीं जागतिक दिव्यांग दिन येतो. त्या दिवशीं पुष्पगुच्छ दिले जातात, भाषणें होतात, आणि तीं व्हावींत. परंतु गेलच्या इतिहासावरून आम्ही जो बोध घेतों तो असा कीं, नऊ दिवसांची उपासना देवळानें दिली. दहाव्या दिवसापासूनचें आयुष्य गांवानें दिलें. आपल्या धर्मग्रामांत ज्यांच्या जवळपास अशी कार्यशाळा आहे, त्यांनीं एकदां एखाद्या साध्या बुधवारीं तेथें जाऊन यावें. सणासाठीं मेणबत्त्या लागतात त्या तेथून घ्याव्या. ज्यांस वेळ आहे त्यांनीं आठवड्यांतून एक तास ठरवून द्यावा, आणि ठरविला कीं चुकवूं नये. कारण जो दिवस चित्रावरून ओळखतो, तो त्या तासाची वाट फळ्यावर पाहत असतो. जेथें कार्यशाळा नाहीं, तेथें धर्मग्रामाच्या सभागृहाच्या किल्ल्या सोमवार ते शनिवार कोणाकडे असतात व तें सभागृह त्या सहा दिवसांत किती वेळ बंद असतें, हें एकदां पाहावें.