कापूस मुंबईला पोचला, चित्रकार कसा पोचणार?

आज आपण एक साधाच प्रश्न घेऊ. अमरावती-अकोल्याकडच्या मुलाचा हात चांगला आहे, पण पुढं शिकायला त्याला पैसे कोण देणार?

इतर भागांत या प्रश्नाला काही ना काही उत्तर होतं. कोल्हापूरला आबालाल रहिमान यांच्यामागे दरबार होता. सासवण्याच्या विनायक करमरकरांची चित्रं ऑटो रोथफेल्ड या कलेक्टरच्या नजरेस पडली आणि त्याने त्यांना जे. जे. स्कूलमध्ये धाडलं. गोपाळ देऊसकर निजामाच्या शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. आता गंमत बघा, कागदोपत्री वऱ्हाडचा धनी हाच निजाम! पण १८५३ मध्ये त्याने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, त्यामुळे इथं दरबारच उरला नाही. राहिले ते कमिशनर, वकील आणि कापसाचे व्यापारी.

आणखी एक गोष्ट आपण सहसा विसरतो. १८५७ मध्ये सुरू झालेलं जे. जे. स्कूल मुंबई इलाख्यातलं. वऱ्हाड मात्र १९०३ पासून मध्यप्रांताला जोडलेलं, म्हणजे मुंबई हा परका इलाखा. रेल्वे १८६७ मध्येच नागपूरपर्यंत पोचली होती, कापूस रोज मुंबईला उतरत होता. पण विद्यार्थ्याला सरकारी मदत हवी, तर अर्ज नागपूरच्या सरकारकडे करायचा आणि शिकायचं दुसऱ्याच्या इलाख्यात. ही स्थिती १९५६ पर्यंत राहिली.

अशा मदतीचं काय होई, हे एका उदाहरणात स्वच्छ दिसतं. सय्यद हैदर रझा वऱ्हाडचे नव्हेत, मंडला जिल्ह्यातले. वडील जंगल खात्यात. पण सरकार तेच, 'मध्यप्रांत व वऱ्हाड'. १९३९ ते १९४३ ते नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये बापूराव आठवले यांच्याकडे शिकले. पोटासाठी गोंदियाला चित्रकला शिक्षकाची नोकरी धरली. मग प्रांतिक सरकारची जे. जे.साठीची शिष्यवृत्ती मिळाली. पण मुंबईला पोचेपर्यंत ऑक्टोबर उजाडला, प्रवेश बंद झाले होते. शिष्यवृत्तीही गेली.

आम्हाला वाटतं, रझांच्या चरित्रातला हा भाग फार घाईने सांगितला जातो. मोठा चित्रकार होणार हे आपल्याला आज माहीत आहे, म्हणून आपण निर्धास्त असतो. त्या एकवीस वर्षांच्या पोराला ते कुठं माहीत होतं? परत जायचं तर नोकरी, राहायचं तर खिशात काही नाही. ते राहिले. एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत डिझायनरचं काम धरलं आणि संध्याकाळी मोहन आर्ट क्लबमध्ये शिकू लागले. जे. जे.चा दरवाजा पुढं उघडला, पण मधला काळ निभावला तो छपाईचे ब्लॉक करणाऱ्या एका स्टुडिओच्या पगारावर. कलेच्या नावाने दिलेला पैसा तेव्हा कामी आला नव्हता.

सात वर्षांनी दुसरी शिष्यवृत्ती आली, फ्रेंच सरकारची. या वेळी रझा आधीपासून फ्रेंच शिकत होते. १९५० मध्ये ते पॅरिसच्या एकोल दे बोझार्टमध्ये दाखल झाले, १९५३ पर्यंत शिकले. दोन्ही शिष्यवृत्त्या शेजारी ठेवून बघा. गुणवत्ता दोन्हीकडे ओळखली गेली होती. पहिलीत फक्त तारीख जुळली नाही.

तर मग आज काय? इलाख्याची भिंत गेली, पण अंतर राहिलं. शासकीय कला महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. अमरावती विभागात एकही नाही. शाळेत मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएट देतात, दहावीला त्याचे वाढीव गुणही मिळतात. त्यानंतर रस्ता गावाबाहेरच जातो. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयोगटाला, दोन वर्षं, महिना ५,००० रुपये. नाही म्हणायला चांगलीच गोष्ट. पण मुंबईत खोलीचं भाडं, शिल्पाला माती आणि प्लास्टर, छापचित्राला जस्ताचा पत्रा हे सगळं त्यात कसं बसवायचं, ते अकोटच्या किंवा अचलपूरच्या पोरानेच सांगावं.

रझांनी स्वतः २००१ मध्ये दिल्लीला रझा फाउंडेशन काढलं. तिथून तरुण चित्रकारांना आणि कवींनाही मदत मिळते.