काट्यांच्या मुकुटाचा इतिहास

प्रवाळ खाणारा काटेरी तारामासा हा काही नवा प्राणी नाही. रुम्फियस या निसर्गअभ्यासकाच्या १७०५ साली छापलेल्या ग्रंथात त्याचे वर्णन सापडते. मात्र १९६२च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफवर, ग्रीन बेटाजवळ, तो झुंडीने दिसू लागला. हा प्राणी पोट तोंडाबाहेर काढून जिवंत प्रवाळ पचवतो. मागे उरतो तो पांढरा सांगाडा. १९६९पर्यंत ग्वाम बेटाच्या सुमारे ३८ किलोमीटर किनाऱ्यावरचे बहुतेक प्रवाळ असेच मेले.

दोष कुणाचा? प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट एन्डीन यांचे म्हणणे होते की, तारामाशाला खाणारे मोठे ट्रायटन शंख माणसाने शोभेसाठी वेचून नेले. काहींच्या मते हे निसर्गाचेच जुने चक्र होते. पुढे आणखी एक कारण मांडले गेले. शेतातले खत नदीवाटे समुद्रात जाते, सूक्ष्म वनस्पती माजतात आणि त्यांवर तारामाशाची पिल्ले पोसली जातात. मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी घालते. त्यांतली थोडी जास्त जगली तरी झुंड तयार होते.

आज पाणबुडे एकेक तारामासा शोधून त्याला पित्तक्षार किंवा व्हिनेगर टोचतात. वाद अजून मिटलेला नाही. पण सुई तारामाशाला टोचता येते, नदीतून येणाऱ्या खताला नाही. ते थांबवायचे तर किनाऱ्यावरच्या माणसालाच बदलावे लागेल.