हयात माणसाचा इतिहास : रिचर्ड थॉम्पसन यांचा एक गीतसंच

१९९३ साली ‘हॅनिबल’ या छोट्या कंपनीने तीन सीडींचा एक संच प्रसिद्ध केला. त्याचे नाव ‘वॉचिंग द डार्क’, म्हणजे अंधाराकडे डोळे लावून बसणे. मुखपृष्ठावर उपशीर्षक होते ‘रिचर्ड थॉम्पसनचा इतिहास’. ज्याचा इतिहास म्हणून हा संच निघाला तो इंग्रज गायक, गीतकार आणि गिटारवादक तेव्हा अवघ्या चव्वेचाळीस वर्षांचा होता आणि त्याचे काम जोरात चालू होते. निवडलेल्या गाण्यांच्या संचाला ‘सर्वोत्तम’, ‘लोकप्रिय’ अशी विशेषणे लावण्याची रीत असताना येथे ‘इतिहास’ हा शब्द का वापरला गेला, आणि तो या संचाला कितपत शोभतो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या संचामागील वर्तुळ समजून घेतले म्हणजे तो प्रश्न नीट कळतो. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात जो बॉइड या तरुण अमेरिकन निर्मात्याने लंडनमध्ये काही कलावंतांना हाताशी धरले. त्यांत निक ड्रेक होता, सँडी डेनी होती आणि ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या वाद्यवृंदातला रिचर्ड थॉम्पसन होता. ड्रेकच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत थॉम्पसनची गिटार आहे. डेनी आणि थॉम्पसन तर एकाच वृंदात गात-वाजवत होते. ड्रेक १९७४ साली, सव्विसाव्या वर्षी गेला; त्याच्या गाण्यांचा संच १९७९ साली निघाला. डेनी १९७८ साली, एकतिसाव्या वर्षी गेली. तिचा संच १९८५ साली निघाला. तिसरा संच थॉम्पसनचा. पहिले दोन श्राद्धाचे होते असे म्हटले तर कठोर वाटेल, पण ते खोटे नाही. अकाली मृत्यूने कलावंताभोवती एक प्रभावळ तयार होते आणि तिच्या उजेडात त्याची सामान्य गाणीही उजळून दिसतात. जो जगला, दर दोन-तीन वर्षांनी नेमाने नवी ध्वनिमुद्रिका देत राहिला, त्याच्या वाट्याला ती येत नाही. थॉम्पसन उपेक्षित राहिले याची कारणे अनेक आहेत. लोकप्रियतेच्या याद्यांत त्यांचे गाणे कधी वर चढले नाही, आवाज जाड, काहीसा करडा, विषय उदास. पण मला वाटते, मुख्य कारण हेच, की ते मेले नाहीत.

मरणाने त्यांना अगदीच सोडले होते असे मात्र नाही. १२ मे १९६९ च्या पहाटे बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून परतताना फेअरपोर्टची गाडी महामार्गावर उलटली. मार्टिन लॅम्बल हा एकोणीस वर्षांचा ड्रमवादक आणि थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन मृत्युमुखी पडले. थॉम्पसनचे वय तेव्हा वीस. उरलेल्या मंडळींनी त्याच उन्हाळ्यात हॅम्पशायरमधल्या एका खेड्यातील घर भाड्याने घेतले आणि एक अजब उद्योग आरंभला. शतकानुशतके तोंडी चालत आलेली इंग्लंड-स्कॉटलंडची कथागीते त्यांनी विजेच्या गिटारीवर आणि ड्रमवर बसवली. सरदाराच्या पत्नीशी लागलेले चोरटे प्रेम, परीराज्यातून प्रियकराला सोडवून आणणारी मुलगी, असे त्या गीतांचे विषय. आपल्याकडचा पोवाडा किंवा जात्यावरची कथागीते कोणी इलेक्ट्रिक गिटारीवर, पण त्यांचा बाज न मोडता बसवावीत, तसा हा प्रकार. त्यातून डिसेंबर १९६९ मध्ये ‘लीज अँड लीफ’ ही ध्वनिमुद्रिका आली. तिच्यात थॉम्पसनने लिहिलेले ‘क्रेझी मॅन मायकेल’ हे गीत आहे. एक तरुण चिडून डोमकावळ्याला मारतो आणि पाहतो तो आपलीच प्रेयसी मरून पडलेली. गीताला शेकडो वर्षांपूर्वीच्या कथागीताचा पेहराव आहे; आत अपघाताला काही महिनेही न उलटलेला शोक आहे. खाजगी दुःख जुन्या साच्यात ओतून निनावी करण्याची ही युक्ती थॉम्पसन यांनी पुढे जन्मभर वापरली.

‘वॉचिंग द डार्क’ कानावर पडतो तेव्हा यातील बहुतेक गोष्टी ध्यानात येतच नाहीत, कारण त्याच्या संकलकाने, एडवर्ड हेबर यांनी, कालक्रम बुद्ध्याच मोडला आहे. ऐंशीच्या दशकातले गाणे संपते आणि १९६९ मधले सुरू होते. स्टुडिओतले शांत ध्वनिमुद्रण संपते न संपते तोच एखाद्या सभागृहातला गोंगाट कानी पडतो. बराचसा मजकूर पूर्वी कधीही प्रसिद्ध न झालेला. इतिहास म्हणवणाऱ्या ग्रंथात कालक्रम नसावा हे आपल्या शिस्तीला खटकते. पण तुकोबांच्या गाथेतले अभंग कोणत्या वर्षी रचले याची चौकशी न करताच आपण ती वाचतो, आणि त्यामुळेच कधी कधी दोन दूरचे अभंग एकमेकांना उजाळा देतात, हेही खरे. हेबर यांच्या रचनेतून असा एक लाभ निश्चितच होतो. क्रमाने ऐकले असता थॉम्पसन यांची कारकीर्द तीन तुकड्यांत पडते : फेअरपोर्टमधील उमेदवारी, पत्नी लिंडासह केलेली गाणी, आणि नंतरचा एकट्याचा काळ. क्रम मोडला की तुकडे नाहीसे होतात आणि या सर्वांतून चालत आलेली गिटार ऐकू येते.

त्या गिटारीविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. त्या पिढीतील जवळपास सर्व इंग्रज वादक अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लूज’ संगीताच्या शाळेत शिकले. थॉम्पसन त्या वाटेने गेले नाहीत. वडील स्कॉटिश, लंडनच्या पोलीस दलात. घरात स्कॉटिश नृत्यसंगीत आणि जँगो राइनहार्टच्या तबकड्या. या वादनात स्कॉटिश बॅगपाइपचा न तुटणारा आधारस्वर आहे. आपल्या कानांना तो षड्जासारखा ओळखीचा वाटतो. त्यावर तार ओढून घेतलेली मींड, आणि एकाच स्वरसमूहाभोवती घुटमळत वाढत जाणारा आवेग. सूर बदलण्याची घाई नाही. पहिल्या सीडीत ‘अ सेलर्स लाइफ’ हे पारंपरिक गीत आहे : हरवलेल्या खलाशाला शोधत निघालेली मुलगी, सँडी डेनीचा आवाज. १९६९ च्या मूळ ध्वनिमुद्रिकेत हे गीत अकरा मिनिटांचे आहे आणि डेव्ह स्वॉरब्रिक यांचे व्हायोलिन त्यात ठळक आहे. हेबर यांनी घेतले आहे ते व्हायोलिन नसलेले आधीचे ध्वनिमुद्रण. त्यामुळे लाटांसारखी उठणारी गिटार उघडी पडते आणि तिच्या मागे लॅम्बलचे ड्रम ऐकू येतात. तो मुलगा पुढे फार दिवस जगला नाही, हे संचातील क्रम सांगत नाही, तारीख सांगते.

१९७२ मध्ये थॉम्पसन यांची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका आली. अमेरिकेत त्या कंपनीच्या इतिहासात सर्वांत कमी खपलेली ती हीच, असे ते स्वतःच गमतीने सांगत आले आहेत. त्याच वर्षी लिंडा पीटर्सशी विवाह झाला. दोघांची पहिली ध्वनिमुद्रिका १९७३ मध्ये काही दिवसांत मुद्रित झाली. पण तबकड्यांसाठी लागणाऱ्या प्लास्टिकची तेव्हा टंचाई होती, म्हणून ती प्रसिद्ध व्हायला १९७४ चा एप्रिल उजाडला. लिंडाच्या स्वच्छ, काहीशा अलिप्त आवाजात थॉम्पसन यांची काळीकुट्ट गीते ऐकणे हा वेगळा अनुभव आहे. लेखकाचा कडवटपणा तिच्या तोंडी सहज विधानासारखा येतो. याच सुमारास दोघांनी सूफी मार्गाने इस्लामचा स्वीकार केला. १९७५ च्या ‘पोर डाउन लाइक सिल्व्हर’ या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर थॉम्पसन डोक्याला फेटा गुंडाळून आहेत, आणि आतली प्रेमगीते ईश्वराला उद्देशून आहेत की माणसाला, हे सूफी काव्याच्या रीतीप्रमाणे अनिर्णीत राहते.

येथे थोडे विषयांतर. त्या ध्वनिमुद्रिकेच्या अखेरीस, लिंडाच्या गाण्याला जोडून, थॉम्पसन यांनी गिटारीवर एक स्कॉटिश धून वाजवली आहे. तिचे नाव ‘दरगाई’. जेम्स स्कॉट स्किनर या व्हायोलिनवादकाची ही रचना आहे, आणि दरगाई म्हणजे हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरील ती टेकडी, जेथे ऑक्टोबर १८९७ मध्ये इंग्रज फौजेतील गॉर्डन हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीने पठाणांच्या मोर्चावर चढाई केली. नव्याने मुसलमान झालेल्या माणसाने आपल्या भक्तिगीतांचा शेवट मुसलमान टोळ्यांवरील विजयाच्या धुनीने करावा, हा विरोधाभास त्यांच्या मनात होता की नव्हता, कोण जाणे. बहुधा नसावा, धून सुंदर आहे आणि वडिलांच्या मुलखातली आहे, एवढे पुरेसे होते. पण दरगाईचे नाव सरहद्दीच्या इतिहासात वाचलेल्या आपल्यासारख्यांना ती नुसती सुंदर वाटू शकत नाही.

त्यानंतर दोघे काही काळ गाण्यापासून दूर, एका सूफी वस्तीत राहिले. परतल्यावर काढलेल्या दोन ध्वनिमुद्रिका फिक्या आहेत. संचात त्यांना फारशी जागा मिळाली नाही हे योग्यच झाले.

आता ‘इतिहास’ या शब्दाची खरी परीक्षा. १९८२ च्या मार्चमध्ये ‘शूट आउट द लाइट्स’ प्रसिद्ध झाली. संचाचे नाव तिच्यातल्याच एका गीतातून घेतलेले आहे. आठ गीते, त्यांतली बहुतेक तुटत चाललेल्या नात्याची. ती बाजारात आली तेव्हा थॉम्पसन दाम्पत्याचे लग्न मोडले होते. तरीही ठरलेला अमेरिकेचा दौरा दोघांनी एकाच रंगमंचावर उभे राहून पार पाडला. त्या दौऱ्याच्या कथा अजून सांगितल्या जातात. साहजिकच ‘घटस्फोटाची ध्वनिमुद्रिका’ अशी तिची ख्याती झाली. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने १९८९ मध्ये दशकातील शंभर श्रेष्ठ ध्वनिमुद्रिकांत तिला नववा क्रमांक दिला. पण तारखा पाहिल्या की ही कथा डळमळते. १९८० मध्ये या जोडप्यापाशी कोणतीही कंपनी नव्हती, तेव्हा स्कॉटिश गायक गेरी रॅफर्टी यांनी पदरचे पैसे घालून त्यांचे ध्वनिमुद्रण केले. ते कोणी विकत घेतले नाही आणि पडून राहिले. ‘शूट आउट द लाइट्स’मधील बरीचशी गीते त्या वेळीच तयार होती. म्हणजे लग्न मोडण्यापूर्वी ती लिहिली व गायिली गेली होती. ही आत्मकथा नव्हे, हे थॉम्पसन यांचे म्हणणे आपण बचाव म्हणून ऐकत आलो. कागद त्यांच्या बाजूचा निघतो.

रॅफर्टी यांच्या पडून राहिलेल्या ध्वनिमुद्रणातील काही भाग ‘वॉचिंग द डार्क’मध्येच आला, हे हेबर यांचे मोठे काम. पुरावा त्यांनी उजेडात आणला. मात्र क्रम मोडल्यामुळे तो कोठे ठेवायचा हे श्रोत्याला कळत नाही. पुस्तिकेतल्या तारखा हाती घेऊन त्यालाच ती जुळणी करावी लागते. माझी तक्रार आहे ती येथे. एरवी मुक्त क्रमाने मिळालेला आनंद मी मान्य करतो. दंतकथा पक्की झालेली असते तेथे मात्र इतिहासकाराने तारखा समोर मांडायला हव्यात. २००९ मध्ये ‘वॉकिंग ऑन अ वायर’ हा चार सीडींचा, एकाहत्तर गीतांचा दुसरा संच निघाला. तो काटेकोर कालक्रमाने जातो. अभ्यासाला तो सोयीचा आहे. पण तो ऐकताना मला वारंवार पंचांग वाचल्यासारखे वाटले, हे कबूल करतो, आणि अखेर हात ‘वॉचिंग द डार्क’कडेच वळतो.

१९९३ च्या संचाची व्याप्ती १९६९ ते १९९२ एवढीच असल्याने पुढचे बरेच काही तिच्याबाहेर राहिले. १९९९ मध्ये ‘प्लेबॉय’ मासिकाने सहस्रकातील श्रेष्ठ गाण्यांची यादी मागितली, तेव्हा इतरांनी गेल्या काही दशकांतली नावे लिहिली. थॉम्पसन यांनी सहस्रक हा शब्द शब्दशः घेऊन तेराव्या शतकातल्या इंग्रजी गीतापासून आरंभ केला. यादी छापली गेली नाही, तिचा कार्यक्रम झाला. आणि १९९१ मधील ‘१९५२ व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग’ हे गीत : एक मोटारसायकल, एक दरोडेखोर, एक तांबड्या केसांची मुलगी. रचना जुन्या कथागीताचीच, केवळ घोड्याच्या जागी यंत्र आले आहे. त्या गाण्याने स्वतःचा प्रवास केला. २००१ मध्ये अमेरिकेतील डेल मॅकरी या ब्लूग्रास गायकाने ते बँजो आणि मँडोलिनवर गायिले, आणि लंडनजवळच्या बॉक्स हिलचे नाव काढून तेथे टेनेसीमधील नॉक्सव्हिल घातले. ओवी एका गावातून दुसऱ्या गावात गेली की त्यातले नदीचे नाव बदलते, तसेच हे. आता त्या मुलखात अनेक जण ते आपल्याकडचेच जुने गाणे समजून गातात.

लिंडा यांना घशाच्या एका विकारामुळे गाणे हळूहळू अशक्य झाले. २०२४ मध्ये त्यांनी लिहिलेल्या गीतांची ‘प्रॉक्सी म्युझिक’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. ती सर्व गीते इतरांनी गायिली आहेत. त्याच वर्षी थॉम्पसन यांची ‘शिप टू शोअर’ आली. तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तर होते, आणि गिटारीतला तो आधारस्वर अजूनही तुटलेला नव्हता.