सामायिक डिरेक्टरी आणि गट-परवानगीची जडणघडण

एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची सोय १९६० च्या दशकात झाली, तेव्हा एकाची फाइल दुसऱ्याने वाचावी की नाही, आणि वाचली तरी बदलावी की नाही, हा प्रश्न आपोआप उभा राहिला. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल प्रयोगशाळा यांनी १९६५ च्या सुमारास हाती घेतलेल्या मल्टिक्स प्रणालीने त्यावर प्रवेशयादीचा, म्हणजे कोणाला कोणता अधिकार हे नावानिशी सांगणाऱ्या यादीचा, मार्ग काढला. तेथे वापरणाऱ्याची ओळखच व्यक्ती आणि प्रकल्प या दोहोंची मिळून बनत असे.

बेल प्रयोगशाळा १९६९ मध्ये त्या प्रकल्पातून बाहेर पडल्यावर केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्समध्ये मात्र मांडणी अगदी आटोपशीर होती. १९७१ च्या पहिल्या आवृत्तीत मालक आणि इतर एवढाच भेद होता. गट नंतर आला, आणि १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत मालक, गट व इतर यांपैकी प्रत्येकाला वाचणे, लिहिणे आणि चालवणे असे मिळून नऊ बिट दिसतात. तेव्हा डिस्कवर एका फाइलीची मूळ नोंद ३२ बाइटांत बसवलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे लांबलचक याद्यांऐवजी नऊ बिटांवर भागवण्याचे शहाणपण पटते.

खरी अडचण निराळीच होती. डिरेक्टरीत कोणी शिरावे हे ठरवणे सोपे होते, पण तेथे नव्याने जन्मणारी फाइल कोणत्या गटाची, यावर सहकार्य तरते किंवा बुडते. सुरुवातीला माणूस एका वेळी एकाच गटात असे आणि गट बदलण्यासाठी 'न्यूग्रुप' ही आज्ञा द्यावी लागे. ती द्यायची राहिली की त्याची फाइल भलत्याच गटाच्या नावावर चढे आणि सहकाऱ्याला ती सुधारता येत नसे. बर्कलीच्या ४.२ बीएसडीने १९८३ मध्ये एका व्यक्तीला एकाच वेळी अनेक गटांत राहू दिले आणि नव्या फाइलीला डिरेक्टरीचाच गट दिला, तर सिस्टिम फाइव्ह शाखेत फाइल निर्माण करणाऱ्या प्रक्रियेचा गट तिला मिळत राहिला. पुढे डिरेक्टरीवर 'सेटजीआयडी' बिट लावल्यास बर्कलीची रीत लागू व्हावी, अशी तडजोड रूढ झाली. प्रकल्पाच्या डिरेक्टरीला आजही २७७० असा अष्टमान अंक देतात, त्यातील २ हा तोच बिट होय आणि दोन्ही ७ म्हणजे मालक व गट यांना असलेली पूर्ण मुभा.

एवढ्यानेही भागत नसे, कारण नव्या फाइलीतून कोणते अधिकार वगळायचे हे सांगणारा 'यूमास्क' बहुधा ०२२ असे, म्हणजे गटाची लेखन-परवानगी आधीच छाटली जाई. तो ०२२ ऐवजी सरसकट ००२ करावा, तर सगळे लोक एकाच सामान्य गटात असताना प्रत्येकाच्या खाजगी फाइली सर्वांना लिहिण्यास खुल्या होत. रेड हॅट लिनक्सने प्रत्येक वापरकर्त्याला त्याच्याच नावाचा स्वतंत्र गट देऊन हा पेच सोडवला, आणि ही युक्ती या सबंध इतिहासातील सर्वांत साधी व सर्वांत कल्पक म्हटली पाहिजे. लिनक्सच्या २.६ मालिकेत प्रवेशयाद्याही आल्या व त्यांतील पूर्वनियोजित नोंदी डिरेक्टरीतील नव्या फाइलींना आपोआप लागू होऊ लागल्या. तथापि दुसरीकडे तयार करून त्याच डिस्कवरून येथे हलवलेली फाइल आपला जुना गट आणि जुन्या परवानग्या घेऊनच येते, आणि ती तिच्या मालकाला किंवा व्यवस्थापकाला आजही हाताने दुरुस्त करावी लागते.