अमेरिकेत विमान शिकवायची नोकरी : मेसा ते गोंदिया

"पोराला अमेरिकेत पाठवतो. तिथं लायसन्स काढेल, मग वर्षभर तिथंच इन्स्ट्रक्टर म्हणून शिकवेल, खर्चातला निम्मा भाग तिथंच वसूल." हा हिशेब हल्ली तालुक्याच्या गावातसुद्धा ऐकू येतो. एजंट तो कागदावर मांडून देतात, बाप शेत गहाण टाकायच्या बेतात असतो आणि मग आम्हा पत्रकारांना फोन येतो, "हे खरं आहे का हो?" हिशेब साफ खोटा आहे असं नाही, पण अर्धाच आहे. परदेशी मुलांना विमान शिकवणं या नोकरीला ऐंशी वर्षांचा इतिहास आहे आणि तो पाहिल्याशिवाय उरलेला अर्धा हिशेब कळत नाही. म्हणून ही जरा लांब पोस्ट.

सुरुवात युद्धापासून. ब्रिटनच्या आकाशात जर्मन विमानं, हवामान सदा ढगाळ, नवशिक्यांनी उडायचं कुठं? १७ डिसेंबर १९३९ ला ओटावात करार झाला आणि कॅनडात एक अवाढव्य प्रशिक्षण योजना उभी राहिली. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांची मुलं तिथं शिकली. युद्ध संपेपर्यंत १ लाख ३१ हजारांवर वैमानिक, नेव्हिगेटर, गनर वगैरे तयार झाले. आता इतक्या मुलांना शिकवणार कोण? गावोगावचे फ्लाइंग क्लब कामाला लावले, सीमेपलीकडून अमेरिकन वैमानिक पगारावर आणले आणि तरीही माणसं पुरेनात. मग ज्या मुलांचे निकाल उत्तम लागले त्यातल्या अनेकांना तिथंच मास्तर म्हणून ठेवून घेतलं. ती बिचारी लढायला आली होती. मित्र आघाडीवर गेले आणि ही सस्कॅचेवानच्या गव्हाच्या शेतांवर नवशिक्यांना घेऊन घिरट्या घालत बसली. ही जागा 'थांबायची' आहे, आपल्याला जायचंय दुसरीकडंच, ही प्रशिक्षकाच्या खुर्चीची ओळख तेव्हापासूनची.

१९४१ मध्ये अमेरिकेनं दार उघडलं. गंमत म्हणजे अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती, तटस्थ होती. त्यामुळं ब्रिटिश पोरं कॅनडातून साध्या सूटबुटात आत आली, जणू कुणाच्या लग्नाला निघालीत. टेक्सासमध्ये डॅलसजवळ टेरेल, ॲरिझोनात मेसा गावाचं फाल्कन फील्ड, फ्लोरिडात क्लुइस्टन अशा ठिकाणी शाळा निघाल्या. विद्यार्थी ब्रिटिश हवाई दलाचे, अभ्यासक्रमही त्यांचाच, पण शाळा चालवणारे खाजगी अमेरिकन ठेकेदार आणि शिकवणारे नागरी वैमानिक. त्यात कुणी शेतावर औषध फवारणारा होता, कुणी जत्रेत विमानाच्या कसरती दाखवणारा. परदेशी सरकार पैसे देणार, खाजगी शाळा चालवणार, स्थानिक वैमानिक तासांवर शिकवणार, ही रचना तेव्हा बसली ती आजही तशीच आहे. फक्त सरकारच्या जागी एअरलाइन आली, किंवा आपल्यासारखा बाप.

याच काळात अमेरिकन लष्कराच्या शाळांतही ब्रिटिश मुलं शिकली. तिथली शिस्त जाचाची होती, थोड्या चुकीवरही घरी पाठवत. दहातली साधारण चार मुलं अर्ध्यातून बाहेर पडली. ॲरिझोनातच थंडरबर्ड फील्डवर चिनी मुलं शिकत होती, दुभाष्यांच्या मदतीनं. मास्तर एका भाषेत ओरडतोय आणि विमान खाली चाललंय, हा प्रसंग कल्पनेनंच अंगावर येतो. फ्लोरिडात आर्केडिया गावच्या दफनभूमीत २३ ब्रिटिश प्रशिक्षणार्थी आजही झोपलेत. शत्रूचं तोंडही न बघता शिकतानाच गेलेली ही पोरं. गावकरी दरवर्षी मे महिन्यात त्यांच्यासाठी प्रार्थना करतात.

आपल्याकडचं सांगायचं तर बेगमपेठ, जोधपूर, अंबाला इथं तेव्हा युद्धासाठी वैमानिक घडवले जात होते. गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टीही ब्रिटिशांनी त्याच काळात बांधलेली. बिरसीकडं पुढं परत यायचंय.

युद्ध संपल्यावर अमेरिकेत वैमानिकांचा सुकाळ झाला. हवाई दलातून सुटलेले हजारो अनुभवी लोक एअरलाइनना आयते मिळाले. त्यामुळं नवख्या पोराला स्वतःच्या खर्चानं घडवायची सवय तिथल्या एअरलाइनना लागलीच नाही. जर्मनी आणि जपानची गोष्ट उलटी. हरल्यामुळं त्यांच्या उडण्यावरच काही वर्षं बंदी होती. एअरलाइन पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा मागं वैमानिकांचा साठा नव्हता, म्हणून त्यांनी शाळेतून निघालेली पोरं उचलून शून्यापासून घडवायला घेतली. घडवायची कुठं? जिथं ऊन आहे, मोकळी जागा आहे, पेट्रोल स्वस्त आहे तिथं. लुफ्तान्साची पोरं ॲरिझोनात गुडइयरला गेली. जपान एअरलाइन्सनं १९७१ पासून कॅलिफोर्नियातल्या नापा गावी शाळा चालवली. द्राक्षांच्या मळ्यांवर जवळपास चाळीस वर्षं जपानी पोरं उडत होती. २०१० ला कंपनी दिवाळखोरीत गेली आणि शाळाही गेली. पुढं चिनी एअरलाइन आल्या, फिनिक्सच्या आसपासचे विमानतळ चिनी विद्यार्थ्यांनी भरले.

आता प्रशिक्षकाचं गणित. हे नीट वाचा, कारण सगळी गोम इथं आहे. अमेरिकन तरुणाला एअरलाइन फुकट घडवत नाही, ती म्हणते तास घेऊन ये. विमान भाड्यानं घेऊन तास भरायचे तर घर विकावं लागेल. मग तो इन्स्ट्रक्टर होतो. विद्यार्थी शिकतो, पैसे विद्यार्थी भरतो आणि तो तास मास्तरच्या लॉगबुकातही चढतो. म्हणजे पगार कमी असला तरी खरा मोबदला लॉगबुकात जमा होतो. विमान उडालं तर पैसे. वारा सुटला, विमान दुरुस्तीला गेलं की बहुतेक ठिकाणी दिवस कोरडा. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना हे समजावून सांगायला नको. परदेशी एअरलाइननं एकगठ्ठा पोरं पाठवली की शाळेला प्रशिक्षक हवेत, आणि प्रशिक्षकाला तर पोरं हवीतच.

११ सप्टेंबरनं ही व्यवस्था हादरली. विमानं घुसवणाऱ्यांतले दोघे, मोहम्मद अत्ता आणि मारवान अल-शेही, फ्लोरिडातल्या व्हेनिस गावच्या शाळेत शिकलेले. त्यांच्या विद्यार्थी व्हिसाच्या मंजुरीची कागदपत्रं त्या शाळेत पोचली ती ११ मार्च २००२ ला, म्हणजे हल्ल्यानंतर बरोबर सहा महिन्यांनी! सरकारी खाती सगळीकडं सारखीच.

पण दुसरी बाजूही आहे. ऑगस्ट २००१ मध्ये मिनेसोटातल्या एका शाळेत झकारियास मुसावी नावाचा माणूस आला. धड लहान विमान चालवता येत नाही आणि बोइंग ७४७ चं सिम्युलेटर हवं, पैसे रोख. त्याला शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला वास आला. त्यानं वरिष्ठांना सांगितलं, तिथल्या दोघांनी एफबीआयला फोन केले आणि १६ ऑगस्टला मुसावी पकडला गेला, हल्ल्याच्या २६ दिवस आधी. पुढं २००८ मध्ये त्या प्रशिक्षकाला ५० लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. फोन करणाऱ्या दोघांना काही नाही. त्यावरून तिकडंही कुरबूर झालीच.

यानंतर परदेशी विद्यार्थ्याला बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची तपासणी आली. व्हिसाचे नियम घट्ट झाले. पूर्वी जे-१ व्हिसावर शिकायचं आणि मग तिथंच शिकवून तास भरायचे, अशी चांगली सोय होती. १ जून २०१० ला उड्डाण प्रशिक्षणापुरती ती बंद झाली. नुसत्या फ्लाइंग स्कूलचा एम-१ व्हिसा असेल तर चार महिन्यांच्या शिक्षणामागं एक महिना काम, तेही जास्तीत जास्त सहा महिने. एफ-१ व्हिसा देणारी शाळा किंवा कॉलेज असेल तर साधारण बारा महिने काम करता येतं. एजंटच्या कागदावर व्हिसाचा हा अक्षर-आकडा बहुतेकदा नसतोच. पहिला प्रश्न हाच विचारा.

आता दुसरी तारीख, १२ फेब्रुवारी २००९. बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान घरावर कोसळलं, ५० माणसं गेली. मृतांचे नातेवाईक वर्षभर वॉशिंग्टनच्या पायऱ्या झिजवत राहिले आणि २०१० मध्ये कायदा झाला. २०१३ पासून अमेरिकन एअरलाइनच्या सहवैमानिकालाही साधारण १५०० तास लागतात. विमानशास्त्राची पदवी असेल तर १०००, लष्करी वैमानिकाला त्याहून कमी. त्या अपघातग्रस्त विमानातल्या दोन्ही वैमानिकांकडं १५०० हून जास्त तास होते, यावर तिकडं अजून वाद चालू आहे. नातेवाईकांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे, पण या आकड्यानं सुरक्षितता किती वाढली आणि प्रशिक्षकांचा पुरवठा किती वाढला, हे वेगवेगळे प्रश्न आहेत.

कारण झालं असं. भारतात व्यावसायिक लायसन्सला २०० तास लागतात. त्यानंतर त्या विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण घेतलं की पोरगा एअरबसमध्ये सहवैमानिक म्हणून बसू शकतो. म्हणजे ॲरिझोनात ज्या तरुणानं त्याला लँडिंग शिकवलं, तो अजून छोट्या सेसनात सातशे तासांवर अडकलाय आणि त्याचा विद्यार्थी मुंबई-नागपूर १८० प्रवासी घेऊन उडतोय! ज्या फाल्कन फील्डवर १९४१ मध्ये ब्रिटिश पोरं आली, तिथंच आता सीएई कंपनीच्या शाळेत इंडिगोची पोरं शिकून आलीत. आणि बिरसीच्या धावपट्टीवरची शाळाही याच सीएई आणि विमानतळ प्राधिकरणाच्या भागीदारीतली.

मग आपल्या पोरानं तिथं शिकवायला राहावं का? आकडे मांडू. लायसन्स आणि प्रशिक्षकाचं रेटिंग होईपर्यंत त्याच्याकडं अडीचशे तास. बारा महिन्यांच्या परवान्यात महिन्याला ७० तास मिळाले, तेही हवामान चांगलं आणि नोकरी पहिल्या दिवशी मिळाली असं धरून, तर ८४० वाढले. बेरीज १०९०. पदवी नसेल तर अमेरिकन एअरलाइनचं दार बंदच, आणि असली तरी परवाना संपला की काम करायचा हक्क संपला. भारतात यायचं तर तेवढे तास कायद्यानं लागतच नाहीत. इथं मात्र परत डीजीसीएच्या परीक्षा देऊन लायसन्स बदलून घ्यावं लागतं आणि ते वर्ष अभ्यासापासून लांब गेलेलं असतं. पगार मिळेल, अनुभव पक्का होईल, शिकवल्यानं स्वतःला दुप्पट येतं हेही खरं. पण त्यातून फीचा निम्मा भाग वसूल होणार हे गृहीत धरून शेत गहाण टाकू नका. शाळेला त्या वर्षी चिनी तुकडी मिळाली नाही तरी तुमच्या पोराची नोकरी जाते. कोविडमध्ये चिनी विद्यार्थी यायचे थांबले तेव्हा अनेक प्रशिक्षकांनी हे भोगलंय.

आणि एक आपल्या घरचं. एअर इंडियानं २०२४ मध्ये अमरावतीजवळ बेलोऱ्याला मोठी शाळा जाहीर केली, ३४ विमानं, वर्षाला १८० वैमानिक. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया आहेतच. शिकवणाऱ्याला इथंही एअरलाइनचा फोन आला की तो त्याच आठवड्यात बॅग भरतो, आणि मध्येच मास्तर बदललेल्या मुलाचे वाढीव तास त्याच्या बापाच्या बिलात लागतात. १८० मुलांना प्रशिक्षक किती, ते किती दिवस टिकणार, करार कितीचा, हे अजून कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. अमरावतीच्या पत्रकार मित्रांनो, पुढच्या पत्रकार परिषदेत एवढं विचाराच. उत्तर मिळालं की इथं कमेंटमध्ये टाका.